एक गीत, दोन गायक

एखादा अभंग तरुण गवयाच्या तोंडून ऐकावा आणि तोच पुढें एखाद्या वृद्ध वारकऱ्याच्या तोंडून ऐकावा. शब्द तेच, परंतु अर्थ निराळा भासतो. मग गीताचा अर्थ शब्दांत असतो, कीं गाणाऱ्याच्या आयुष्यांत? अमेरिकेंतील एका गीताची हकीकत या दृष्टीनें विचार करण्यासारखी आहे.

त्या गीताचें नांव ‘हर्ट’, म्हणजे व्यथा. ‘नाइन इंच नेल्स’ या रॉक वाद्यवृंदाचा सूत्रधार ट्रेंट रेझ्नर यानें तें रचलें. १९९४ सालीं निघालेल्या ‘द डाउनवर्ड स्पायरल’ या गीतसंग्रहाचें तें शेवटचें गीत होय. एका मनुष्याचा क्रमाक्रमानें होणारा अधःपात हा संग्रहाचा विषय. रेझ्नरनें त्या वेळीं तिशीही गांठली नव्हती. गीताचा आरंभ कुजबुजल्यासारखा, तर शेवट कर्कश कोलाहलाचा. स्वतःचाच वीट आलेल्या तरुणाचें तें आक्रंदन होतें.

जॉनी कॅश हा कंट्री संगीताचा, म्हणजे अमेरिकेच्या ग्रामीण भागांत वाढलेल्या गायनपद्धतीचा, थोर गायक. त्याचा जन्म १९३२ सालीं आर्कान्सा राज्यांत एका शेतकरी कुटुंबांत झाला. कीर्तीच्या भरांतच मादक गोळ्यांच्या व्यसनानें त्याला ग्रासलें होतें. उतारवयांत लोक त्याला विसरूं लागले असतां रिक रूबिन या निर्मात्यानें त्याला पुन्हां गातें केलें. ‘हर्ट’ हें गीतही त्यानेंच सुचविलें.

२००२ सालीं कॅशनें तें गाइलें, तेव्हां त्याची प्रकृति ढासळलेली होती. कोलाहल गेला, गिटार, पियानो आणि थकलेला खर्जाचा आवाज एवढेंच उरलें. मूळ गीतांत मुकुटाला एक असभ्य विशेषण होतें. त्याच्या जागीं कॅशनें ख्रिस्ताचा कांटेरी मुकुट आणला. या लहानशा बदलानें आत्मधिक्काराला पश्चात्तापाचें रूप आलें. मार्क रोमानेक यानें या गीताचा एक लघुचित्रपट केला. टेनेसी राज्यांतील हेंडरसनव्हिल येथील कॅशचें बंद पडलेलें संग्रहालय त्यांत दिसतें. पति गात असतां जिन्यावरून त्याच्याकडे पाहणारी त्याची पत्नी जून कार्टर दिसते. ती २००३ च्या मे महिन्यांत वारली. सप्टेंबरांत कॅशही गेला.

आपलें अगदीं खाजगी दुःख दुसऱ्यानें गावें, याचा रेझ्नरला प्रथम संकोच वाटला होता. चित्रपट पाहिल्यावर मात्र, हें गीत आतां आपलें राहिलें नाहीं, असें त्यानें मोकळ्या मनानें सांगितलें.

तथापि यावरून मूळ गीत उणें ठरत नाहीं. कॅशनें स्वतः शेंकडों गीतें रचलीं होतीं. तरी आयुष्याच्या अखेरीं जें सांगावयाचें होतें, त्यासाठीं त्याला एका तरुणाचेच शब्द पुरे पडले. ते खऱ्या वेदनेंतून आले नसते, तर वृद्धाच्या अनुभवाचें ओझें त्यांना पेललें नसतें. रेझ्नरनेंही तें गीत टाकून दिलें नाहीं. त्यानंतरही तो तें आपल्या जलशांतून आपल्याच पद्धतीनें गात राहिला.