चार कुलपांची पेटी



ल्यूथरन असणं म्हणजे काय, हा विषय आपण मला दिलात. शहापूर-मुरबाड या दोन तालुक्यांत ल्यूथरन आहेत किती, अशी कुजबुज माझ्याही कानावर आली. खरं आहे. भारतातल्या ल्यूथरन मंडळ्या तरंगमबाडी, गुंटूर, रांची, छिंदवाडा इकडे वाढल्या. मराठी मुलखात मुख्यतः अमेरिकन, स्कॉटिश आणि इंग्लिश मिशनांनी काम केलं. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात अनेक प्रोटेस्टंट मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली, तेव्हाही ल्यूथरन वेगळेच राहिले. पण आज मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत कामाला आलेल्या झारखंडच्या पोरांत ल्यूथरन घरचे तरुण मला भेटतात. ते विचारतात, आमची मंडळी इथे कुठे? हा प्रश्न त्यांच्यापुरता नाही, आपल्यालाही आहे. पाटीवर कुठल्याही मिशनचं नाव असो, प्रोटेस्टंट म्हणवणाऱ्या प्रत्येक मंडळीवर ल्यूथरचं देणं आहे, आणि ते आपण थकवलं आहे.

ते देणं कोणतं? शिकवण पारखायची आणि पैशाचा हिशेब मागायचा, हे दोन्ही हक्क साध्या मंडळीचे आहेत. हे दोन्ही हक्क आपण आपल्या हातांनी सोडून दिले, असा माझा आरोप आहे. तो मी इथे उभा राहून, तुमच्या तोंडावर करतो आहे.

३१ ऑक्टोबर १५१७ला ल्यूथरने ९५ मुद्दे मांडले ते पापक्षमेच्या चिठ्ठ्या विकण्याविरुद्ध. देवाची कृपा फुकट आहे, तिला भाव लावता येत नाही, एवढीच त्याची तक्रार होती. आज काय चाललं आहे? एका चंगाई सभेत मी स्वतः पाहिलं. टेबलावर तेलाच्या बाटल्या मांडलेल्या, प्रत्येकीवर उपदेशकाचा फोटो. 'पैशाचं बी पेरा, शंभरपट उगवेल,' अशी मंचावरून घोषणा. माझ्या शेजारी बसलेल्या बाईने पदराची गाठ सोडली. आवणीच्या तोंडावर खतासाठी ठेवलेल्या नोटा तिने पाकिटात घातल्या आणि ते दोन्ही हातांनी कपाळाला लावलं. त्या बाईला मी दोष देत नाही. मी दोष देतो तो मागच्या रांगेत बसलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांना. त्यांना वचन ठाऊक होतं, तरी ते गप्प राहिले. चिठ्ठी विकणारा परवडला, तो कागद तरी देत होता!

१५२३ साली ल्यूथरने एक छोटं पुस्तक लिहिलं. कोणतीही शिकवण पारखून घेण्याचा, शिक्षक नेमण्याचा आणि त्याला काढण्याचा अधिकार ख्रिस्ती मंडळीला आहे, हे त्याने त्यात ठणकावून सांगितलं. निमित्त होतं लाइस्निग नावाच्या गावाचं. त्याच वर्षी या गावाने गरिबांसाठी एक सार्वजनिक पेटी करायचं ठरवलं. तिला चार वेगळी कुलपं. एक किल्ली सरदारांकडे, एक नगरपालिकेकडे, एक शहरवासीयांकडे आणि चौथी आसपासच्या खेड्यांतल्या शेतकऱ्यांकडे. कारभारी दहा, त्यांतले तीन शेतकरी. पाचशे वर्षांपूर्वी जर्मनीतल्या नांगरधाऱ्याच्या हातात मंडळीच्या तिजोरीची किल्ली द्यायचं ठरलं होतं. आपल्या डोळखांबच्या, किन्हवलीच्या, टोकावड्याच्या माणसाच्या हातात काय आहे? दानार्पणाची थैली फिरवण्याचं काम! लाइस्निगमध्येही नगरपालिकेने चर्चची मालमत्ता पेटीकडे सोडायला खळखळ केलीच. म्हणजे मालमत्तेची भांडणं जुनीच आहेत. पण आपण भांडतो ते कोर्टात, वर्षानुवर्षं, गरिबाच्याच दानातून वकिलांची फी भरून.

'आम्ही अडाणी, आम्ही काय पारखणार?' असं मला कुणी सांगू नये. ल्यूथरचा जर्मन नवा करार १५२२ला आला, तो घराघरांत वाचला जावा म्हणून. १५२९ची त्याची लहान प्रश्नोत्तरी घरच्या कर्त्या माणसाने मुलाबाळांना शिकवायची होती. आणि आपल्याकडे? केडगावला पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबल साध्या मराठीत आणलं. मुक्ती मिशनच्या छापखान्यात बायका खिळे जुळवत होत्या. रमाबाई १९२२ला गेल्या, ग्रंथ १९२४ला पुरा बाहेर आला. त्या ल्यूथरन नव्हत्या, पण ल्यूथरचं काम महाराष्ट्रात त्यांनी केलं. ज्या समाजात हे घडलं, तिथे बाईने मंडळीच्या सभेत हिशेब विचारला की भुवया उंचावतात. याची मला चीड येते.

आता ल्यूथरविषयीही स्पष्ट बोलतो. त्याची पूजा करायला मी उभा नाही. १५२५मध्ये शेतकरी उठले तेव्हा त्याने त्यांना ठेचून काढा असं लिहिलं. १५४३मध्ये यहुद्यांविरुद्ध त्याने विष ओकलं. ते लिखाण जगभरच्या ल्यूथरनांनी १९८४ला जाहीरपणे नाकारलं. आणि आपल्या आदिवासी बांधवांनी हेही ध्यानात ठेवावं, की ज्यांची जयंती आपण १५ नोव्हेंबरला करतो ते बिरसा मुंडा लहानपणी चाईबासाच्या जर्मन ल्यूथरन मिशनच्या शाळेत होते. जमिनीच्या लढ्यात मिशन मुंडा सरदारांच्या पाठीशी राहिलं नाही आणि बिरसाचं घर त्या मंडळीपासून तुटलं. जी मंडळी जमिनीवर गप्प बसते, ती आपला बिरसा गमावते.

आपण काय करतो आहोत? भातसा-तानसाचं पाणी मुंबईला जातं आणि उन्हाळ्यात आपल्या पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. २००६चा वनहक्क कायदा आहे, पण दाव्याचा कागद घेऊन ठाकूर-कातकरी माणूस कचेरीत एकटा उभा असतो. रविवारच्या प्रार्थनेत परदेशी पाहुण्यांचं नाव येतं, या माणसाचं येत नाही. कृपा फुकट मिळते असं मानणाऱ्याला शेजाऱ्यासाठी हात मोकळे मिळतात. स्वतःच्या तारणाची कमाई करायची नसते, म्हणूनच त्याला दुसऱ्याच्या पाण्यासाठी झगडता येतं. ल्यूथरन शिकवणीचं सार ते हेच.

म्हणून माझ्या मागण्या ठरावाच्या रूपाने मांडतो. प्रत्येक मंडळीची पेटी एकापेक्षा जास्त कुलपांची असावी, आणि एक किल्ली बाईकडे, एक पाड्यावरच्या माणसाकडे असावी. वर्षातून तीनदा हिशेब सर्वांसमोर, मराठीत, मोठ्याने वाचला जावा. बाहेरचा उपदेशक बोलवायचा तर आधी मंडळीने त्याची शिकवण पारखावी, आणि तेल विकणाऱ्याला व्यासपीठ देऊ नये. ज्यांची सुट्टी शुक्रवारी असते त्या कामगारांसाठी शुक्रवारी उपासना ठेवावी, मग ते हिंदीत गावोत की झारखंडच्या सादरीत. पाणी आणि वनहक्क यांच्या अर्जावर मंडळीचीही सही असावी.

विरोध असेल त्याने आत्ताच, इथेच उभं राहून बोलावं. मी उत्तर द्यायला तयार आहे. पण ज्या मंडळीला यातलं एकही नको असेल, तिने येत्या ३१ ऑक्टोबरला ल्यूथरच्या नावाने सभा भरवू नये.