जुन्या चुलीच्या जागी काय बसवायचं?

मी आज तिरुवल्लिकेणीतून बोलतेय. इंग्रजांच्या जिभेला हे नाव पेललं नाही, म्हणून नकाशावर ट्रिप्लिकेन झालं. पार्थसारथी मंदिराच्या भोवतीच्या गल्ल्या, भिंतीला भिंत लागलेली घरं, आणि थोडं चाललं की मरीनाचा किनारा. इथे बसून शेकोटीवर बोलायचं म्हणजे विनोदच आहे. पण जुनी घरं दुरुस्त करणाऱ्यांकडून एकच प्रश्न फिरून फिरून येतो. कुणाचा कोडाईकनालला जुना बंगला आहे, कुणाचं कोकणात आजोळचं घर आहे. भिंतीत फायरप्लेस किंवा चुलीचा कोनाडा आहे, वर धुराडं आहे. तर त्या कोनाड्यातच इन्सर्ट बसवायचा, की खोलीत सुटा वुड स्टोव्ह ठेवायचा?

इन्सर्ट म्हणजे कोनाड्यात नेमकी बसणारी लोखंडी पेटी. पुढे काचेचं दार, आणि धूर जुन्याच धुराड्यातून वर. सुटा स्टोव्ह आपल्या पायांवर उभा असतो आणि त्याचा पाइप त्याचा स्वतःचा.

नावं परकी आहेत, पण निवड आपल्याला नवी नाही. न्हाणीघरातलं बांधलेलं चुलाणं आठवा, मातीने लिंपून बसवलेल्या हंड्यासकट. आणि तांब्याचा बंब आठवा, पोटातून नळी गेलेला, उचलून पडवीत नेता येणारा. इथल्या चहावाल्यांकडे अजून निखाऱ्यांवरचा तांब्या-पितळेचा बॉयलर दिसतो, तो आपल्या बंबाचाच भाऊ. फक्त याच्या कपाळाला विभूतीचे पट्टे असतात. आपल्या चुलीला जशी वैल, तशी तमिळ चुलीला 'कोडि अडुप्पु'. उरलेली धग वाया जाऊ द्यायची नाही, ही काळजी दोन्हीकडे सारखीच.

आता फरक. उघड्या फायरप्लेसमधल्या लाकडाची जेमतेम दहावा हिस्सा ऊब खोलीला मिळते, बाकी सगळी वर जाते. बंद दाराची चांगली पेटी, इन्सर्ट असो की सुटी, ६० ते ८० टक्के ऊब खोलीत देते. तेव्हा उघडा जाळ ठेवायचा की बंद, इथेच मोठी बचत ठरते. इन्सर्ट की सुटा हा नंतरचा प्रश्न. सुटा स्टोव्ह चारही बाजूंनी तापतो, म्हणून वीज नसतानाही खोली उबदार ठेवतो. इन्सर्टच्या तीन बाजू भिंतीत असतात. त्यातली ऊब बाहेर काढायला बऱ्याचदा पंखा लागतो. डोंगरावर, जिथे वीज जाते तिथे, हे लक्षात ठेवा. कोकणात मात्र हिशेब उलटा होतो. तिथे खोली तापायला नको, भांडं तापायला हवं. चारही बाजूंनी धगधगणारी लोखंडी वस्तू मे महिन्यात स्वयंपाकघरात कोणाला हवी आहे?

पण माझ्या मते खरा निर्णय पेटीचा नाही, धुराड्याचा आहे. तमिळमध्ये धुराड्याला 'पुगैपोक्की' म्हणतात, म्हणजे धूर घालवणारी. तो ती घालवते का, एवढंच पाहायचं.

जुन्या धुराड्याचं पोट मोठं असतं, कारण ते उघड्या जाळासाठी बांधलेलं असतं. बंद पेटीतून धूर कमी आणि सावकाश निघतो. मोठ्या थंड पोटात तो गार होतो, वर चढायचा त्याचा जोर संपतो आणि भिंतींवर डांबरासारखी काजळी धरते. हीच काजळी पुढे पेट घेते. म्हणून इन्सर्ट घेतला तर पेटीपासून वरच्या तोंडापर्यंत अखंड स्टेनलेस स्टीलची नळी टाकायची. समुद्राजवळ घर असेल तर ३१६ प्रतीची, खाऱ्या हवेत ती ३०४ पेक्षा जास्त टिकते. 'नळीशिवाय चालतं हो' म्हणणाऱ्या गवंड्याचं ऐकू नका.

इथल्या जुन्या घरांना 'मद्रास टेरेस' असते. सागवानी तुळयांवर उभ्या विटा चुन्यात बसवून केलेलं छत. सुटा स्टोव्ह ठेवायचा तर या छताला नवं भोक पाडावं लागतं, तेही तुळयांपासून अंतर राखून. पुढे ऑक्टोबर ते डिसेंबरच्या पावसात ते भोक गळतं. या एका कारणासाठी इन्सर्टचं पारडं जड होतं, कारण त्याची वाट आधीच बांधलेली आहे. कोकणातल्या कौलारू छपरालाही हेच लागू.

उंचीचा एक नियम अमेरिकेत पाळतात, तो आपल्यालाही उपयोगाचा आहे. धुराड्याचं तोंड छपराच्या वर किमान ३ फूट हवं आणि १० फुटांच्या आत जे काही असेल त्याच्याहून २ फूट उंच हवं. तिरुवल्लिकेणीत १० फुटांच्या आत काय असतं? शेजाऱ्याची गच्ची, वाळत घातलेले कपडे, पाण्याची टाकी. आजूबाजूची घरं बैठी होती तेव्हा जे धुराडं छान ओढायचं, ते आता चार मजली भिंतींच्या मधे सापडलंय. दुपारी समुद्रावरून वारा सुटला की तो उंच भिंतीवर आदळून खाली वळतो आणि धूर घरात परततो. म्हणून इथल्या गल्लीत घर असेल तर माझं उत्तर सरळ आहे: इन्सर्टही नको, स्टोव्हही नको. गॅस आहे, तो वापरा.

या चिमणीच्या भानगडीला आपल्याकडे मोठा इतिहास आहे. वर्ध्याच्या मगनवाडीतून १९४७ मध्ये मगन चूल आली. एस. पी. राजूंचं बिनधुराच्या स्वयंपाकघरांवरचं इंग्रजी पुस्तक १९५३ मध्ये याच शहरात, मद्रासला छापलं गेलं. १९८३ पासून सरकारने सुधारित चुली देशभर वाटल्या. पुढे ओडिशातल्या ४४ गावांत धुराड्याच्या मातीच्या चुली बसवून संशोधकांनी काही वर्षं पाहणी केली; हा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या वर्षी बायकांच्या श्वासातला धूर कमी झाला. नंतर फरक उरला नाही. चुली भेगाळल्या, धुराडी कोणी साफ केली नाहीत, हळूहळू वापरही सुटला. चूल प्रयोगशाळेत उत्तम होती. छपरावर चढून काजळी काढणार कोण, हे ठरलेलं नव्हतं. आणि धुरासमोर बसणारी व्यक्ती क्वचितच छपरावर चढणारी असते.

म्हणून मला विचाराल तर, बंगल्यात कायम माणूस राहत असेल, धुराडं धड असेल आणि वर्षातून एकदा ते साफ होणार असेल, तर इन्सर्ट. घर महिनोन् महिने बंद राहत असेल, धुराड्यात पाखरांची घरटी होत असतील, तर सुटा स्टोव्ह आणि साफ करायला सोपा असा सरळ पाइप. लाकडी भिंतीपासून ३ फूट लांब. कोकणात स्वयंपाकासाठी हवी असेल तर सुटी चूल घ्या आणि पडवीत ठेवा. सुट्या चुलींसाठी आयएस १३१५२ हे भारतीय मानक आहे, ते पाहून घ्या. पंख्याशिवायच्या चुलीला त्यात किमान २५ टक्के कार्यक्षमता लागते, पंख्याच्या चुलीला ३५.

निखाऱ्यांच्या शेगडीला धूर दिसत नाही म्हणून ती बंद खोलीत घेऊन झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला रंगही नाही आणि वासही नाही. सरपण ओलं असेल तर मात्र कुठलीही पेटी धूरच करणार. एक पावसाळा आडोशाला वाळलेलंच लाकूड वापरा.

आणि पैसे देण्याआधी एवढं करा. जुन्या धुराड्याच्या तोंडाशी पेटलेली उदबत्ती धरा. सकाळी एकदा, आणि दुपारी वारा सुटल्यावर परत एकदा, दारं-खिडक्या लावून आणि उघडून. दोन्ही वेळा धूर वर गेला तर धुराडं साफ करणाऱ्याला बोलवा आणि आतून तडे तपासून घ्या. दुपारी तो खोलीत आला, तर इन्सर्टचं दुकान तूर्त राहू द्या. आधी गच्चीवर जाऊन शेजारची भिंत किती उंच झालीय ते मोजा.