मातीची शाळा आणि गावाची वर्गणी
(जीर्णोद्धार सोहळ्यातील भाषण)



देवळाच्या जीर्णोद्धाराच्या मंगल प्रसंगी सातासमुद्रापलीकडच्या एका शाळेची हकीकत सांगायची, म्हणजे काहींना विषयांतर वाटेल. परंतु ज्या गावाने वर्गणी काढून आणि घाम गाळून वास्तू उभी केली, त्या गावाला ही हकीकत परकी वाटू नये. शाळा काय आणि देऊळ काय, गावाच्या पैशाने बांधलेल्या वास्तूचे नियम एकच असतात.

आफ्रिका खंडाच्या पश्चिमेस बुर्किना फासो नावाचा एक गरीब देश आहे. १९८४ पर्यंत त्याला अपर व्होल्टा म्हणत. त्या देशात गान्दो नावाचे एक खेडे आहे. तेथे १९६५ साली गावच्या मुखियाच्या घरी पहिला मुलगा जन्मला. त्याचे नाव डिएबेडो फ्रान्सिस केरे. गावात शाळा नव्हती, वीज नव्हती, प्यायला चांगले पाणी नव्हते. आपल्या मुलाला तरी अक्षरओळख व्हावी म्हणून बापाने त्याला वयाच्या सातव्या वर्षी तेन्कोदोगो या गावी नातलगांकडे ठेवले. तेथील शाळा सिमेंटच्या विटांची होती. वर्गात शंभरावर मुले, उजेड कमी, वारा नाही आणि वरून आफ्रिकेचे ऊन. भट्टीत बसल्यासारखी ती मुले तासन्‌तास बसत. पुढे कधी तरी याहून चांगली शाळा बांधायची, हे त्या मुलाने तेथेच मनाशी ठरवले.

सुट्टीत तो गावी येई. परत निघताना गावातील बाया निरोप द्यायला जमत आणि प्रत्येक जण कनवटीचे शेवटचे नाणे काढून त्याच्या हातावर ठेवी. त्याने एकदा आईला विचारले, या सगळ्या जणी मला पैसे का देतात? आईने जे सांगितले त्याचा मथितार्थ असा, की तुझ्या शिक्षणाला त्या हातभार लावीत आहेत; तू शिकून मोठा होशील आणि एक दिवस परत येऊन गावाचे भले करशील, अशी त्यांची आशा आहे. सज्जनहो, ही देखील वर्गणीच होती. तिची पावती फाडली गेली नाही, कोठल्याही वहीत तिची नोंद नाही. पण घेणाऱ्याने ती जन्मभर लक्षात ठेवली.

१९८५ साली या तरुणाला सुतारकामाच्या शिक्षणासाठी जर्मनीची शिष्यवृत्ती मिळाली. दिवसा छपरे आणि लाकडी सामान करायला शिकावे आणि रात्रीच्या वर्गात राहिलेले शालेय शिक्षण पुरे करावे, असा क्रम त्याने ठेवला. १९९५ साली बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठात वास्तुशिल्पाच्या अभ्यासासाठी त्याला पुन्हा शिष्यवृत्ती मिळाली. तेव्हा त्याचे वय तीस होते. बरोबरीची माणसे त्या वयात संसाराला लागलेली असतात.

वास्तुशिल्पाच्या विद्यार्थ्याला अभ्यासक्रमात पुष्कळ नकाशे काढावे लागतात. कागदावर इमारत उभी राहते, गुरुजी गुण देतात आणि बहुतेक कागद कपाटात जातात. कागदावरची भिंत पावसात भिजत नाही आणि तिच्याखाली कोणाचे मूल बसत नाही. केरे यांनी मात्र विद्यार्थिदशेतच खऱ्या शाळेचा नकाशा हाती घेतला. १९९८ साली त्यांनी स्नेह्यांच्या मदतीने एक संस्था काढली आणि गान्दोच्या शाळेसाठी जर्मनीत पैसे गोळा करण्यास सुरुवात केली. अजून पदवी हाती नव्हती. ही त्यांची पहिलीच इमारत होती.

निधी घेऊन ते गावी आले तेव्हा गावकऱ्यांना आनंद झाला. पण शाळा मातीची बांधायची, हे ऐकताच सगळे अवाक् झाले. मातीचे घर म्हणजे काय, हे त्यांना पक्के ठाऊक होते. दर पावसाळ्यानंतर भिंती लिंपायच्या, पडले ते पुन्हा बांधायचे. विलायतेत एवढे शिकून हा मुलगा आम्हाला पुन्हा मातीच देणार काय? पक्की इमारत म्हणजे सिमेंटची, अशी तेथेही समजूत होती. आपल्याकडे कौले उतरवून स्लॅब टाकला म्हणजे घर सुधारले असे मानतात, तसेच ते होय. गावकऱ्यांची शंका खोटी नव्हती. शाळा पहिल्याच पावसात खचली असती तर देणगीदारांचा पैसा बुडाला असता, गावाचे श्रम वाया गेले असते आणि मुखियाच्या मुलाला गावात तोंड दाखवायला जागा उरली नसती.

केरे यांनी वाद घातला नाही. नकाशा वाचता न येणाऱ्यांसाठी त्यांनी तो जमिनीवर रेघा ओढून दाखवला. नमुन्यादाखल कमान बांधली आणि गावचे गडी तिच्यावर चढवून उड्या मारायला लावले. कमान टिकली, तेव्हा गावाचा विश्वास बसला.

बांधकामाची युक्ती समजून घेण्यासारखी आहे. गावच्याच मातीत थोडे सिमेंट मिसळून यंत्रात दाबून विटा पाडल्या. अशी वीट साध्या मातीपेक्षा पुष्कळ टिकाऊ होते आणि जाड भिंतीमुळे आत थंडावा राहतो. वर्गावर त्याच मातीच्या विटांचे आढे केले व त्यात वारा जाण्यास फटी ठेवल्या. त्याच्याही वर, मध्ये मोकळी जागा सोडून, बारीक सळयांच्या कैच्यांवर पत्र्याचे छप्पर उचलून धरले. पत्रा तापला तरी ताप मधल्या पोकळीतून निघून जातो. वर्गातील गरम हवा वरच्या फटींतून बाहेर पडते आणि खिडक्यांतून दुसरी हवा आत येते. त्यासाठी पंखा लागत नाही. छप्पर भिंतीच्या पुष्कळ पुढे काढल्यामुळे पागोळ्या भिंतीवर पडत नाहीत आणि मातीची भिंत सुरक्षित राहते. पाऊस हा मातीचा शत्रू खरा, पण वळचण मोठी असली म्हणजे त्या शत्रूला दाराबाहेर उभे करता येते.

हे काम गावाने केले. पायासाठी मुलांनी दगड वेचून आणले. विटांसाठी बायांनी पाणी वाहिले. जमीन तासन्‌तास चोपून घट्ट केली आणि मग दगडाने घासून गुळगुळीत केली. तरुणांनी विटा पाडणे आणि सळया जोडणे शिकून घेतले. २००१ साली तीन वर्गांची शाळा उभी राहिली आणि पाऊस पडला तरी ती उभीच राहिली.

पुढे २००४ साली केरे यांना पदवी मिळाली आणि त्याच वर्षी या शाळेला वास्तुशिल्पाचा आगा खान पुरस्कार मिळाला. शिक्षकांची घरे त्या साली झाली, शाळेचा वाढीव भाग २००८ साली झाला. १२० मुलांसाठी बांधलेली शाळा वाढत वाढत ७०० मुलांची झाली. शेजारच्या दोन गावांनी पाहून पाहून आपापल्या शाळा बांधल्या. जे तरुण या कामावर हात बसवून घेऊन तयार झाले, त्यांना अन्य सरकारी बांधकामांवरही काम मिळावे, असा प्रयत्न तेथील अधिकाऱ्यांनी केला. २०२२ साली केरे यांना प्रिट्झकर पुरस्कार मिळाला. वास्तुशिल्पातील हा सर्वोच्च सन्मान समजतात आणि तो मिळवणारे ते पहिले आफ्रिकी होत. आपल्या पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण दोशी यांना तो २०१८ साली मिळाला होता. ते पहिले भारतीय होत.

सज्जनहो, पुरस्कार केरे यांच्या नावावर आहे आणि ते योग्यच आहे. पण त्या शाळेच्या हिशेबात जमेच्या बाजूला पहिली रक्कम त्या बायांच्या कनवटीच्या नाण्यांची आहे. जीर्णोद्धाराच्या देणगीदारांची नावे संगमरवरी पाटीवर कोरली जातात. तो रिवाज चांगला आहे. परंतु ज्या माउलीने डोक्यावरून वाळूची पाटी वाहिली आणि जिने पदराच्या गाठीचे पैसे पेटीत टाकले, तिचे नाव पाटीवर मावत नाही. ते गावाने ध्यानात ठेवावे.

दुसरी गोष्ट. गान्दोत माती वाईट नव्हती, तिला वळचण हवी होती. आपल्या जुन्या देवळांचा दगड, चुना आणि लाकूड यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाऊस सोसला आहे. जुने म्हणून काढून टाकण्यापूर्वी, ते का टिकले हे जाणत्या माणसाला एकदा विचारावे. आणि नवे बांधून झाले म्हणजे काम संपले असे मानू नये. पन्हळी साफ ठेवणे, पावसाळ्यापूर्वी छप्पर पाहणे, हेही देवाचेच काम आहे.

शेवटची गोष्ट गावातील मुलांविषयी. शिकायला बाहेर गेलेला मुलगा परत येईल की नाही, हे कोणी सांगू शकत नाही. पण निघताना त्याच्या हातावर गावाने काही ठेवलेले असले, तर त्याला परत येण्याची वाट सापडते. पुढच्या पिढीच्या हातावर ते ठेवण्याची बुद्धी ग्रामदैवताने सर्वांना द्यावी, हीच त्याच्या चरणी प्रार्थना.