घरपट्टीचा हिशेब



घरपट्टीचे बिल हाती आले की आपण शेवटचा आकडा पाहतो आणि महानगरपालिकेच्या नावाने बोटे मोडतो. पण वाद घालण्याजोगी जागा बहुधा त्या आकड्यात नसते. ती वरच्या एका ओळीत असते.

ती ओळ वार्षिक करपात्र मूल्याची. १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमातील तत्त्व साधे आहे. घर भाड्याने दिल्यास वर्षाला वाजवी भाडे किती येईल ते ठरवावे, त्यातून दुरुस्तीपोटी दहा टक्के वजा करावे आणि उरेल त्यावर कर घ्यावा. आपण स्वतःच राहत असू, भाड्याची पैही येत नसेल, तरी मोजायचे ते संभाव्य भाडे! मुंबईने २०१० पासून भांडवली मूल्याची पद्धत स्वीकारली. पुण्यात जुनीच चालते.

या अडचणीवर पुण्यात १९७० पासून उपाय होता : मालक स्वतः राहत असल्यास चाळीस टक्के सवलत. समजा, मासिक भाडे १०,००० रुपये धरले. वर्षाचे १,२०,०००, दहा टक्के जाता १,०८,०००, सवलतीनंतर ६४,८००. कराचा दर तोच, पण बोजा किती उतरला! २०१९ पासून नव्या घरांना ही सवलत मिळेनाशी झाली. २०२३ मध्ये राज्य सरकारच्या निर्णयाने ती परत आली. मात्र ज्यांची सवलत गेली होती, त्यांना ती आपोआप मिळाली नाही. 'पीटी-३' हा अर्ज आणि स्वतः राहत असल्याचा पुरावा द्यावा लागला.

आकारणीच मान्य नसेल, तर नोटिशीत दिलेल्या मुदतीत लेखी हरकत घ्यावी. पुढे न्यायालयात अपील करता येते, परंतु पंधरा दिवसांत, मागितलेली रक्कम भरून, आणि आधी हरकत घेतली असेल तरच. जो वेळेवर बोलला नाही, त्याला पुढचे दार बंद. रागाने कर थकवणे हा तर उपायच नव्हे. दरमहा दोन टक्के शास्ती चढते, म्हणजे वर्षाला चोवीस.

तेव्हा सवलत मागणे ही याचना नव्हे; तो हक्क आहे. परंतु भाडेकरू ठेवून 'स्वतः राहतो' असे लिहून देणारा महानगरपालिकेला नव्हे, शेजाऱ्याला फसवतो. त्याने चुकवलेला पैसा गल्लीतल्या दिव्याचा आणि रस्त्याचाच असतो. बिलाची वरची ओळ नीट वाचावी, आणि आपण लिहून देतो ती ओळही खरी असावी, एवढेच माझे सांगणे आहे.