पोटातला गोळा : उशीर नको, उतावीळही नको

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

आपल्याकडे पोट फुगले, जड वाटले की पहिला शब्द तोंडी येतो तो 'वायगोळा'. ओवा-हिंग घेतला की माणूस पुन्हा कामाला लागतो आणि बहुतेक वेळा त्याचे काही बिघडतही नाही. आज मात्र मी अशा गोळ्याविषयी बोलणार आहे, जो ओव्याने जात नाही, बरेच दिवस दुखतही नाही आणि म्हणूनच घात करतो. त्याचे नाव सारकोमा.

चरबी, स्नायू, रक्तवाहिन्या अशा शरीरातल्या मऊ भागांत होणारा हा कर्करोग. मोठ्या माणसांच्या शंभर कर्करोगांत असा जेमतेम एक. त्या सारकोमांपैकी शेकडा दहा-पंधरा पोटाच्या मागच्या बाजूला, आतड्यांच्या मागे आणि मूत्रपिंडांच्या आसपास वाढतात. तिथे जास्त करून आढळतो तो चरबीचा, म्हणजे लायपोसारकोमा. कातडीखाली हाताला लागणाऱ्या मऊ, सरकणाऱ्या गाठी वेगळ्या. त्या बहुधा निरुपद्रवी असतात. त्यांनी घाबरून जाऊ नये.

पोटाच्या मागे जागा ऐसपैस असते. गाठ वाढते तशी आतडी मुकाट्याने बाजूला सरकतात. त्यामुळे ती नारळाएवढी झाली तरी पत्ता लागत नाही. हातपाय वाळतात, पोट मात्र वाढते. लोक म्हणतात, तब्येत सुधारली! थोडे खाल्ले की पोट भरणे, एका कुशीला जडपणा, एकाच पायावर सूज ही लक्षणे दिसली तर थांबू नये. आपल्या वाशिम जिल्ह्यात सोयाबीनची सोंगणी होऊ द्या, मग तूर निघू द्या, असे म्हणता म्हणता वर्ष जाते. गोळा पीकपाण्यासाठी थांबत नाही. आणि हो, तो कुणाकडून चोळून घेऊ नका.

सोनोग्राफीत गाठ आहे एवढे समजते. ती कशाला चिकटली आहे, कोणत्या रक्तवाहिनीला खेटली आहे, हे कळायला शिरेतून औषध देऊन सी.टी. स्कॅन करावा लागतो. छातीचाही स्कॅन करतात, कारण हा आजार पसरला तर फुप्फुसांत जाऊ शकतो. त्यानंतर बहुतेक वेळा सुईने गाठीचा बारीक तुकडा काढून तपासतात.

इथे नातेवाईक अडतात. 'सुई लागली की कॅन्सर पसरतो' असे ऐकलेले असते. स्कॅनमध्ये पाहत, पाठीकडून किंवा कुशीतून जाड सुईने तुकडा घेतला तर हा धोका फारच कमी असतो. फायदा मात्र मोठा. तो गोळा लिम्फोमा निघाला तर उपचार मुख्यतः औषधांचा, मोठी शस्त्रक्रिया टळते. जठर-आतड्याच्या भिंतीतून येणारा 'जिस्ट' निघाला तर इमॅटिनिब नावाच्या गोळ्यांनी अनेकदा तो आधी लहान करता येतो. कधी क्षयाची गाठही निघते. नाव कळल्याशिवाय पोट उघडणे म्हणजे सात-बारा न पाहता शेत घेणे.

सारकोमा निश्चित झाला की मुख्य उपचार शस्त्रक्रियेचा. 'चाकू लागला की पसरतो' या समजुतीत सत्याचा एक कण आहे. गाठ फोडून, तुकड्यातुकड्याने काढली तर तिच्या पेशी पोटात सांडतात आणि आजार पुन्हा उगवतो. म्हणून ती अखंड काढावी लागते. चरबीच्या सारकोमाची कड डोळ्यांना निरोगी चरबीसारखीच दिसते. त्यामुळे चिकटलेले मूत्रपिंड, मोठ्या आतड्याचा भाग, कधी स्नायूही गाठीसोबत काढावा लागतो. दुसरे मूत्रपिंड नीट काम करते ना, हे आधी तपासतात. माणूस एका मूत्रपिंडावर चांगला जगू शकतो.

पहिली शस्त्रक्रिया हीच बरे होण्याची सर्वांत मोठी संधी असते. एकदा अर्धवट झालेले काम दुसऱ्यांदा तितके नीट होत नाही. म्हणून 'हा सारकोमा असू शकतो' असे कळताच अशा शस्त्रक्रियांचा अनुभव असलेल्या ठिकाणी जावे. वाशिमला २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तपासणीची सुरुवात जवळच करता येईल. पुढच्या सल्ल्यासाठी नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आहे, मुंबईत १९४१ पासूनचे टाटा मेमोरियल आहे. खर्चाच्या भीतीने घरी बसू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसतो. शिधापत्रिका आणि आधार कार्ड घेऊन आधी त्याला भेटा. सगळे स्कॅन आणि तुकड्याचे अहवाल एका पिशवीत जपून ठेवा.

टाके निघाले म्हणजे सुटका झाली, असे नाही. हा आजार त्याच जागी पुन्हा डोके काढू शकतो, कधी पाच-दहा वर्षांनीही. सुरुवातीची काही वर्षे दर तीन ते सहा महिन्यांनी, नंतर वर्षातून एकदा स्कॅन करून घ्यावा लागतो. काही दुखत नसताना एवढ्या लांबचा फेरा जिवावर येतो, हे खरे. पण परतलेली गाठ लहान असताना सापडली तर ती पुन्हा काढता येण्याची शक्यता जास्त असते.

तेव्हा श्रोतेहो, गोळा दाखवायला उशीर करू नका आणि नाव कळण्याआधी तो कापायची घाईही करू नका.