गावाच्या स्मृतीचे दालन



डहाणू तालुक्यात बोर्डीजवळ बहारोटचा डोंगर आहे. त्यावरील गुंफांना पारशी भाविक श्रद्धेने भेट देतात. संजाण पडल्यावर पूर्वजांनी आपला पवित्र अग्नी, इराणशाह, बारा वर्षे येथे जपला, असे परंपरा सांगते. १७४२ पासून तो गुजरातेतील उदवाडा येथे आहे. गुंफांत आज पाहण्यासारखे थोडेच उरले आहे. तरीही त्या बोलक्या वाटतात. कारण नवसारीच्या बहमन कैकोबाद यांनी १५९९ च्या सुमारास ही ऐकीव हकिकत ‘किस्सा-ए-संजाण’ या फारसी काव्यात नोंदविली.

याच परिसरातील वारली समाजाचा इतिहास मात्र बहुतांशी मौखिकच राहिला. मे १९४५ मध्ये तलासरी भागातील झरी येथे परिषद भरली आणि वेठबिगार व लग्नगडी या प्रथांविरुद्धचा लढा पेटला. गोदावरी परुळेकर यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या १९७० च्या ग्रंथात तो शब्दबद्ध केला. परंतु पाड्यापाड्यावर कोणी काय सोसले, हे सर्वच लिहिले गेले नाही. त्या वेळी दहा वर्षांची असलेली मुले आज नव्वदीला आली आहेत. लग्नाचा चौकही असाच क्षणिक. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने रेखलेला चौक सारवणाबरोबर नाहीसा होतो. गंजाडचे जिव्या सोमा मशे (निधन २०१८) यांनी ती रेषा कागदावर आणली, म्हणून ती जगापुढे गेली.

यासाठी शाळेत किंवा ग्रामपंचायतीत स्थानिक इतिहासाचे एक दालन असावे. एक भिंत, एक कपाट व एक नोंदवही एवढ्यावर आरंभ होऊ शकतो. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला सुरू केलेल्या आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडला नेलेल्या बालशिक्षणाच्या कार्यात परिसरातील वस्तूच शिक्षणाची साधने झाल्या. तीच दृष्टी येथे उपयोगी पडेल. तारपा, कणगी, शेतीची अवजारे, जुने सातबारा उतारे व छायाचित्रे विद्यार्थ्यांनी जमवावीत. प्रत्येकाखाली वस्तूचे नाव, उपयोग, देणाऱ्याचे नाव व तारीख लिहावी. वृद्धांचे सांगणे त्यांच्याच बोलीत उतरवावे. पूजेतील वस्तू संमतीवाचून मांडू नयेत आणि घरच्यांनी मागताच वस्तू परत करावी.

कपाट मिळेपर्यंत थांबण्याचे कारण नाही. नोंदवही आजच उघडावी आणि तिचे पहिले पान गावातील सर्वांत वयोवृद्ध व्यक्तीसाठी राखावे.