कागदावांचून अपील

खालच्या कोर्टाचा निकाल विरुद्ध गेला म्हणजे पक्षकारास दोन गोष्टींशीं झगडावें लागतें. एक अंतर आणि दुसरी मुदत. अपील ऐकणारें कोर्ट बहुधा दूर असतें आणि अपील करण्याचे दिवस मोजके असतात. संगणकाच्या साहाय्यानें अपिलाचे कागद कोर्टांत दाखल करण्याची जी पद्धति भारतांत रूढ होत आहे, तिनें पहिल्या अडचणीवर मोठाच उपाय केला आहे. दुसरीपुढें मात्र तिची मात्रा फारशी चालत नाहीं. हा भेद लक्षांत न घेतल्यास शहाण्या माणसाचेंहि नुकसान होण्याचा संभव असल्यामुळें त्याचा थोडा विचार करणें इष्ट आहे.

प्रथम अंतराची गोष्ट. एके काळीं मुंबई इलाख्यांतील मोठ्या दिवाणी दाव्यांचें शेवटचें अपील लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढें चालत असे. साक्षी, दस्तऐवज आणि निकाल यांचें छापील पुस्तक तयार करून तें समुद्रापार पाठवावें लागे. तेथील बॅरिस्टरांची फी भरणें सामान्य माणसाच्या आवांक्याबाहेरचें असे. हा मार्ग १० ऑक्टोबर १९४९ रोजीं बंद झाला आणि १९५० सालीं दिल्लीस सुप्रीम कोर्ट स्थापन झालें. लंडन सुटलें, तरी सावंतवाडीच्या शेतकऱ्यास दिल्ली कांहीं जवळ नव्हे. मुंबई हायकोर्टाची सोय हळूहळू जवळ येत गेली. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर व पणजी यांच्या जोडीस ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर येथेंहि न्यायमूर्ति बसूं लागले. सुप्रीम कोर्ट मात्र दिल्लींतच आहे.

त्या कोर्टानें २ ऑक्टोबर २००६ पासून संगणकाच्या मार्गानें कागद स्वीकारण्यास आरंभ केला. प्रारंभीं या सोयीचा उपयोग बेताचाच होता. २०२० सालच्या महामारींत कोर्टांत जाणेंच दुरापास्त झालें, तेव्हां जें अपवादाचें होतें तें नित्याचें होऊं लागलें.

या पद्धतीचें काम चालतें तें असें. वकील, किंवा स्वतः काम चालविणारा पक्षकार, कोर्टाच्या संगणकावर आपलें नांव नोंदवितो. अपिलाचा अर्ज, ज्या निकालाविरुद्ध तक्रार आहे त्याची नक्कल, वकीलपत्र आणि शपथपत्र हे कागद पीडीएफ नांवाच्या स्वरूपांत तयार करतो. त्यांवर ओळीनें पृष्ठांक घालतो आणि डिजिटल सही करतो. या सहीस २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यानें मान्यता दिलेली आहे. कोर्ट-फीहि बँकेमार्फत घरबसल्या भरतां येते. कागद पोहोंचल्याबरोबर नोंदीचा आंकडा मिळतो. त्यानंतर कोर्टाचे कर्मचारी तपासणी करतात. एखादें पान पुसट आलें असेल, सही राहिली असेल, अथवा नक्कल अपुरी असेल, तर तो दोष कळविला जातो आणि तो दूर केल्याखेरीज अपील न्यायाधीशांपुढें जात नाहीं. सारांश, पूर्वीं कोर्टाच्या खिडकीपाशीं जी छाननी होई, ती आतां संगणकावर होते, एवढेंच.

आतां मुदतीविषयीं. १९६३ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणें दिवाणी हुकूमनाम्यावर हायकोर्टांत अपील करण्यास ९० दिवस आणि इतर कोर्टांत ३० दिवस मिळतात. निकालाचा दिवस या हिशेबांत धरीत नाहींत, तसाच निकालाची नक्कल मिळण्यास लागणारा काळहि वगळतात. विलंबास सबळ कारण दाखविल्यास तो माफ करण्याचा अधिकार कोर्टास आहे. परंतु माफी हा कांहीं पक्षकाराचा हक्क नव्हे. महामारीच्या वेळीं १५ मार्च २०२० पासून २८ फेब्रुवारी २०२२ पर्यंतचा काळ सुप्रीम कोर्टानें मुदतीच्या हिशेबांतून वगळला होता, ही गोष्ट खरी. पण ती सवलत महामारीची होती, संगणकाची नव्हे.

एका दिवसावर केवढी गोष्ट अवलंबून असते, हें दिवाळखोरीच्या एका प्रकरणांत दिसून आलें. त्या कायद्यांत अपिलास ३० दिवस मिळतात आणि कारण पटल्यास आणखी १५ दिवस; त्यापुढें कोणाचाच इलाज चालत नाहीं. २६ ऑगस्ट २०२२ रोजीं निकाल झाला. पक्षकारानें १० ऑक्टोबर रोजीं संगणकाद्वारें अपील दाखल केलें आणि कागदी प्रत ३१ ऑक्टोबर रोजीं दिली. अपील न्यायाधिकरणानें निकालाचा दिवसहि मोजला, त्यामुळें १० ऑक्टोबर हा ४६ वा दिवस ठरला आणि अपील फेटाळलें गेलें. १ मे २०२३ रोजीं सुप्रीम कोर्टानें हा निर्णय फिरविला. निकालाचा दिवस वगळला पाहिजे, नकलेचा काळ वगळला पाहिजे, आणि संगणकावर अपील ज्या दिवशीं दाखल झालें तीच तारीख धरली पाहिजे, असा त्या निकालाचा आशय आहे. कागदी प्रतीच्या आग्रहाबद्दल कोर्टानें नापसंतीहि दर्शविली. कागद मागाहून आला म्हणून अपील बुडालें नाहीं, हा नव्या पद्धतीचा मोठाच लाभ होय. तथापि त्या पक्षकारास केवळ मुदतीचा वाद मिटविण्यासाठीं दिल्लीचें सर्वांत वरचें कोर्ट गांठावें लागलें, हेंहि विसरतां कामा नये.

श्रोत्यांच्या मनांत येथें एक शंका येईल. ज्याच्या घरीं संगणक नाहीं, त्याचें काय? दूरचें कोर्ट जवळ आलें, पण त्याच्या दाराशीं यंत्राची नवी पायरी उभी राहिली, तर लाभ कोणास? ही शंका रास्त आहे. ३१ ऑक्टोबर २०२० रोजीं नागपुरास तत्कालीन सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या हस्तें ‘न्यायकौशल’ नांवाचें केंद्र उघडण्यांत आलें. सुप्रीम कोर्टापर्यंतच्या कोणत्याहि कोर्टांतील काम तेथून दाखल करतां यावें, हा त्याचा उद्देश आहे. कोर्टांच्या आवारांत ई-सेवा केंद्रेंहि निघालीं आहेत. अशा केंद्रांत बसणारा मनुष्य मायेनें बोलणारा व कामांत तरबेज असेल, तरच या सुधारणेचें चीज होईल. गरीब अशिलास यंत्रापेक्षां यंत्रापाशीं बसलेल्या माणसाचाच आधार अधिक वाटतो.

ज्यांच्या घरांत एखादा दावा चालूं असेल त्यांनीं म्हणून तीन गोष्टी कटाक्षानें कराव्या. निकाल लागतांच नकलेसाठीं अर्ज करावा आणि त्याची तारीख टिपून ठेवावी. दाखल केलेल्या अपिलाची नोंद वकिलाकडून मागून घ्यावी व मूळ कागद जपून ठेवावे, कारण कोर्ट ते केव्हांहि पाहावयास मागूं शकतें. आणि मुख्य गोष्ट अशी कीं, शेवटच्या रात्रीची वाट पाहूं नये. वीज जाते, तार तुटते, संगणक अडून बसतो. दिवस मात्र कोणासाठीं थांबत नाहींत.